एक इमारत, आठ प्रकारची लादी: वाशीतल्या फ्लोअर केअरवाल्यांचं काम

वाशीच्या सेक्टर १७ मधल्या एका जुन्या व्यापारी इमारतीच्या सोसायटीची मी सचिव आहे. खाली दुकानं, वर दाताचा दवाखाना, सीएचं ऑफिस, कथकचा क्लास, आणि तळघरात पार्किंग. सामायिक भागातल्या लादीची देखभाल आम्ही एका लहान फ्लोअर केअर एजन्सीला वार्षिक कंत्राटावर दिली आहे. काही सदस्यांनी आपापल्या गाळ्यांचं कामही त्यांनाच दिलंय. आसपासच्या सोसायट्यांमधून बरेच जण फोन करून चौकशी करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. निकाल आधी सांगते: दगडाचं काम उत्तम, दर चढा, कार्पेट त्यांना तितकंसं जमत नाही. तरीही मी त्यांनाच ठेवेन.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात झाली. त्यामुळे लादी किती चमकते यापेक्षा ती कशानं धुतली हे मी आधी बघते. आधीचे कंत्राटदार यायचे ते थेट मशीन आणि बिनलेबलाचा कॅन घेऊन. 'कसलं द्रव्य आहे?' असं विचारलं की 'इम्पोर्टेड आहे काकू' एवढंच उत्तर. ही मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा मशीन आणलंच नव्हतं. सुपरवायझरच्या हातात एक वही, एक टॉर्च आणि पाण्याची छोटी ड्रॉपर बाटली. त्यानं जिन्याच्या कोटा लादीवर पाण्याचे थेंब टाकले आणि घड्याळ लावून बघत बसला. थेंबाखालचा दगड लगेच काळवंडला. म्हणजे सीलर, दगडात पाणी मुरू न देणारं द्रव्य, उडालाय, दगड पाणी पितोय, आणि जो पाणी पितो तो चहाही पितो आणि पानाची पिंकही पितो. लॉबीतला गडद पट्टा ग्रॅनाइटचा की काळ्या संगमरवराचा, यावर आमच्या कमिटीत कित्येक दिवस वाद होता. त्यानं कुंडी सरकवून कोपऱ्यात चाकूचं टोक हलकंच ओढलं. ओरखडा उठला. ग्रॅनाइटवर पोलादाचा ओरखडा उठत नाही, संगमरवरावर उठतो. पाच मिनिटांत वाद मिटला. त्यानंतर इमारतभर फिरून त्यानं प्रत्येक मजल्यावर काय बसवलंय आणि त्याला काय चालतं, याचा तक्ता करून दिला. तो तक्ता आजही ऑफिसात लावलेला आहे.

लॉबीचा पांढरा संगमरवर ही आमची सगळ्यात मोठी जखम होती. तिथं वर्षानुवर्षं 'ऍसिड मारून' सफाई झाली होती. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर हायड्रोक्लोरिक ऍसिड पडलं की फसफसतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि दगडाचा वरचा थर विरघळतो. तो फेस पाहून लोकांना वाटतं मळ निघतोय. प्रत्यक्षात दगडच निघत असतो. लिंबू आणि व्हिनेगरही हेच करतात, फक्त सावकाश. आमची लॉबी उन्हात तिरकी पाहिली की पांढुरकी, खरखरीत दिसायची, आणि अशा पृष्ठभागावर धूळ आणखी घट्ट बसते. मग पुन्हा ऍसिड. हे चक्र थांबवायचं तर दगड घासून खाली जाण्याशिवाय उपाय नसतो, कारण विरघळलेला थर कुठल्याही क्रीमनं परत येत नाही.

हे काम त्यांनी ज्या शिस्तीनं केलं ते बघण्यासारखं होतं. आधी लिफ्टचे उंबरठे, भिंतीच्या कडेची स्कर्टिंग आणि दुकानांची शटर्स प्लास्टिक आणि टेपनं झाकली. मग सिंगल डिस्क मशीनला डायमंड पॅड लावून ओली घासाई, दोनशे, चारशे, आठशे, असे बारीक होत जाणारे नंबर. प्रत्येक नंबरनंतर दगडाचा राडा वेट व्हॅक्युमनं उचलून पिंपात भरला, मोरीत सोडला नाही. हा राडा पाइपात थिजला की किती त्रास होतो, हे पावसाळ्यात तुंबलेल्या नळाखाली उभं राहिलेल्या माणसालाच कळतं. नंबर बदलण्याआधी सुपरवायझर गुडघ्यांवर बसून टॉर्च आडवा धरायचा आणि आधीच्या पॅडच्या वर्तुळाकार रेषा उरल्यात का ते बघायचा. उरल्या असतील तर तोच नंबर पुन्हा. शेवटी क्रिस्टलायझेशन: फ्लुओसिलिकेटचं द्रव्य शिंपडून जड मशीनखाली स्टील वूल फिरवायचं. घर्षणाची उष्णता आणि ते रसायन मिळून दगडाच्या वरच्या थरात कठीण, चकचकीत पृष्ठभाग तयार होतो. वरून फासलेलं मेण झिजतं, पिवळं पडतं, तसं याचं होत नाही. पण एक गोष्ट त्यांनी आधीच स्पष्ट सांगितली: यामुळे संगमरवर ऍसिडपासून वाचत नाही. पुन्हा ऍसिड पडलं तर पुन्हा डाग.

हळदीचा किस्सा सांगायलाच हवा. माघी गणपतीच्या पूजेला लॉबीत हळदीकुंकू सांडलं. वॉचमनकाकांनी मोठ्या भक्तिभावानं ते कपड्याच्या साबणानं घासलं, आणि पिवळा डाग लालभडक झाला. सगळे घाबरले. मी शांत होते, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं हे आम्ही शाळेत हळदीच्या कागदावर पाहिलेलं. एजन्सीच्या मुलानंही तेच सांगितलं, 'मॅडम, साबण आहे म्हणून लाल आहे, आधी साध्या पाण्यानं साबण काढू.' मग व्हाइटिंग पावडर (चॉकची भुकटी) आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप डागावर थापला, वर प्लास्टिक, कडांना टेप, आणि एक रात्र तसाच ठेवला. सकाळी लेप काढला तर डाग फिकट सावलीएवढा उरला होता. दुसऱ्या लेपात तोही गेला. कुणी ब्लीच आणि ऍसिड एकत्र ओतलं असतं तर क्लोरीन वायू निघाला असता, आणि बंद लॉबीत तो फुप्फुसांना घातक ठरला असता. हे वाक्य त्यांनी सफाईच्या साहित्याच्या कपाटावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून लावलंय. या एका कागदासाठी मी त्यांना वेगळे गुण देते.

बाहेरच्या पायऱ्यांच्या ग्रॅनाइटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कणखर दगड, न्यूट्रल, म्हणजे ना ऍसिड ना अल्कली अशा क्लीनरनं पुसला की झालं. लोखंडी गेटच्या गंजाचे डाग तेवढे होते. बाजारात मिळणाऱ्या काही गंजनाशकांत हायड्रोफ्लोरिक ऍसिड असतं. ग्रॅनाइटला इजा करणारं ते नेमकं एक ऍसिड, आणि माणसाच्या हाडापर्यंत जाणारंही तेच. त्यांनी ते वापरायला साफ नकार दिला. डाग थोडे फिके झालेत, पूर्ण गेलेले नाहीत. मला ते चालतं.

पॅसेजमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवरून मात्र कमिटीत चांगलाच खल झाला. एका सदस्याचा आग्रह होता की तिथंही लॉबीसारखं पॉलिश करून घ्या. सुपरवायझर म्हणाला, 'साहेब, ही लादी पॉलिश पीतच नाही.' खरं आहे. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे वर लावलेलं मेण किंवा पॉलिश नुसतं तरंगत राहतं, पायाखाली निसरडं होतं आणि बुटांचे ठसे धरतं. आमच्या पॅसेजच्या निस्तेजपणाचं कारण वेगळंच निघालं. सफाईच्या मावशी बादलीत झाकणंच्या झाकणं लिक्विड ओतायच्या, आणि पाणी बोअरचं. महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी गोडं आहे, पण पाणी कमी पडलं की आमच्याकडे बोअर सुरू होतो. त्या पाण्यातले क्षार आणि साबणाचा थर, दोन्ही लादीवर वाळत होते. त्यांनी आधी योग्य क्लीनरनं तो थर सोडवला, मग नुसत्या नळाच्या पाण्यानं दोनदा धुऊन व्हॅक्युमनं उचललं आणि कोरड्या मायक्रोफायबरनं पुसलं. टाइल जशी बसवली होती तशी दिसायला लागली. सांध्यांतली सिमेंटची ग्राउट काळी झाली होती, तो काळेपणा अल्कली क्लीनर आणि ब्रशनं निघाला. जिथं ग्राउट ऍसिडनं खाऊन पोकळ झाली होती, तिथं इपॉक्सी ग्राउट भरली. पॉलिशचं बिल त्यांना सहज लावता आलं असतं. आमच्यापैकी अर्ध्या लोकांना पत्ताही लागला नसता.

जिन्याचा कोटा हा राजस्थानातून येणारा चुनखडकच, त्यामुळे ऍसिडची बंदी त्यालाही. पूर्वी इथं दर दिवाळीला कुणीतरी तेलाचा बोळा फिरवायचं. दोन दिवस कोटा काळाभोर दिसतो आणि तिसऱ्या दिवशी त्या तेलावर रस्त्याची सगळी धूळ चिकटते. एजन्सीनं आधी तेल काढलं, मग घासाई केली, पायरीच्या कडेला आणि कोपऱ्यात मशीन जात नाही तिथं हातानं बट्टी (घासायचा दगड) मारली, आणि दगड पूर्ण वाळल्यावर आत मुरणारा सीलर लावला. अर्ध्या रुंदीचं काम एका रात्री, उरलेलं दुसऱ्या रात्री, म्हणजे वरच्या मजल्यावर जाणाऱ्यांची वाट बंद झाली नाही. पानाच्या पिंकांचे जुने डाग कोपऱ्यांत अजून पुसट दिसतात. कात दगडात खोल मुरलाय, आणि तितकी घासाई केली तर पायरी झिजेल, असं ते म्हणाले. मला पटलं.

दाताच्या दवाखान्यात व्हिनाइल शीट आहे. डॉक्टरांची तक्रार होती की शीट नवीन असूनही खुर्चीजवळ पिवळी पडली. तिथं काळ्या रबराचं मॅट अंथरलेलं होतं. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि तो पिवळेपणा आतला असतो, धुऊन जात नाही. मॅट काढलं, डाग तसाच राहिला, आणि तो जाणार नाही हे त्यांनी हात लावण्याआधी सांगितलं. बाकी शीटवर जुन्या फिनिशचे थर साचून कडा तपकिरी झाल्या होत्या. ते अल्कली स्ट्रिपरनं काढले. स्ट्रिपर पसरून दहा मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचा नाही, मग काळ्या पॅडनं घासून उचलायचं, दोन वेळा धुवायचं. त्यावर ऍक्रेलिक फिनिशचे चार पातळ हात. घाईनं एकच जाड हात दिला तर तो वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. शनिवारी रात्री सुरू केलं, रविवार दुपारपर्यंत चाललं. डॉक्टरांच्या मदतनीस ताईंना त्यांनी बजावलं: काळं फिनाईल बंद, रक्त सांडलं तर १ टक्का हायपोक्लोराइट टाकून थांबा आणि नंतर पाण्यानं पुसाच, नाहीतर फिनिश पांढरं पडेल.

कथकच्या क्लासमध्ये लॅमिनेट आहे. तिथं त्यांनी काम जवळजवळ केलंच नाही आणि तेच बरोबर होतं. लॅमिनेटच्या पोटात लाकडाच्या भुश्याचा दाबलेला पुठ्ठा असतो, सांध्यातून पाणी गेलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. दारापाशी तसे उंचवटे आले होतेच. त्यांनी घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरनं अनवाणी पावलांच्या घामाचे ठसे काढून दाखवले आणि क्लासच्या बाईंना म्हणाले, 'बादली दाराबाहेर ठेवायची, ताई. आत फक्त फडकं.' त्या भेटीचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रार. सीएच्या ऑफिसात कार्पेट टाइल्स आहेत. तिथं त्यांनी जुलैत, ऐन पावसात, गरम पाण्याचं एक्स्ट्रॅक्शन केलं, म्हणजे गरम पाणी मारून मशीननं ओढून घेतलं. डाग गेले, पण मागे कुबट वास उरला. वाशीची पावसाळी हवा काहीच वाळू देत नाही, त्यात ऑफिसचा एसी रात्री बंद. माझा फोन गेल्यावर ते पंखे आणि डीह्युमिडिफायर घेऊन आले आणि वास घालवला, पण मुळात पाणी इतकं वापरायलाच नको होतं. पावसाळ्यात रोजचं व्हॅक्युम आणि गरज पडली तर कमी पाण्याचं फोमचं काम, मोठी धुलाई हिवाळ्यात, हे दगडातल्या जाणकारांना कळायला हवं होतं. तुमच्याकडे मुख्यतः कार्पेट असेल तर मी यांची शिफारस करणार नाही.

सगळ्यात जास्त विश्वास बसला तो तळघरात. तिथं ट्रीमिक्सचं, म्हणजे व्हॅक्युमनं जादा पाणी काढून घेतलेलं काँक्रीट आहे, टायरांचे काळे पट्टे, तेलाचे थेंब, आणि झाडलं की पांढरी धूळ. सदस्यांना राखाडी, चकचकीत इपॉक्सी रेझिनचा थर हवा होता, मॉलच्या पार्किंगसारखं. सामायिक भागातलं ते सर्वांत मोठं काम, म्हणजे त्यांच्यासाठी सर्वांत मोठं बिल. सुपरवायझरनं आधी तीन ठिकाणी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे चारही बाजूंनी टेपनं चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावून उचलले. खालून ओल, काँक्रीट गडद. आपली वाशी खाडीच्या काठची, जमिनीत पाणी वरपर्यंत असतं. भिंतींच्या बुडाशी लोणा फुललेला होताच. खालून ओल येणाऱ्या काँक्रीटवर इपॉक्सी मारलं की काही महिन्यांत फोड येतात आणि ते थराथरानं उचकटतं, हे त्यानं कमिटीसमोर सांगितलं. एक सदस्य चिडून म्हणाले, 'मग दुसरा करेल.' तो म्हणाला, 'करेल साहेब. मी नाही करणार.'

त्याऐवजी त्यानं सिलिकेट डेन्सिफायर सुचवलं. काँक्रीटमध्ये मोकळा चुना असतो, सिलिकेट आत मुरून त्याच्याशी संयोग पावतं आणि सिमेंटची ताकद ज्या पदार्थात असते तसाच पदार्थ छिद्रांत तयार होतो. पृष्ठभाग घट्ट होतो, धूळ थांबते, आणि ओलीला वर यायची वाट मोकळी राहते, म्हणून फोड येत नाहीत. दिसायला ते साधं काँक्रीटच राहतं. चमक हवी असणाऱ्यांची निराशा झाली. पण गाड्यांवर बसणारी पांढरी धूळ गेली आहे, आणि तेलाचा थेंब पडला की अल्कली डीग्रीझरनं वेळेत पुसला तर डाग राहत नाही.

लोक मशीनबद्दल विचारतात, मी त्यांना दारातल्या मॅटबद्दल सांगते. पावसाळ्यात बुटांबरोबर आत येणारी वाळू म्हणजे बरीचशी क्वार्ट्झ, कठीणपणा मोजणाऱ्या मोह्‌स मापावर ७. संगमरवरातलं कॅल्साइट ३. प्रत्येक पाऊल पॉलिशवर सँडपेपर फिरवतं. एजन्सीनं पायऱ्यांवर खरवडणारं आणि आत पाणी शोषणारं, अशी दोन मॅट टाकायला लावली. आतलं इतकं लांब की माणसाची दोन्ही पावलं त्यावर दोन-तीनदा पडतील. आम्ही आधी खर्चाला कुरकुरलो. आता मॅट झटकताना पडणारा वाळूचा ढीग पाहिला की तो खर्च कुठे वाचला ते दिसतं.

आणखी एक गोष्ट माझ्यासाठी फार महत्त्वाची. आमच्या सफाईच्या मावशी वर्षानुवर्षं उघड्या हातांनी ऍसिड हाताळत होत्या. नखं तपकिरी, बोटांच्या पेरांना भेगा. कुणी विचारलंही नव्हतं. या मंडळींनी त्यांना हातमोजे दिले, शौचालयाचा मॉप लाल आणि पॅसेजचा निळा असं वेगळं करून दिलं, दोन बादल्यांची पद्धत (एकीत साबणाचं पाणी, दुसरीत मॉप पिळायचा) शिकवली, आणि बाटलीवर रेघ मारून दाखवली की एका बादलीला एवढंच लिक्विड. ऍसिडचे कॅन इमारतीतून उचलून नेले. रोजची सफाई मावशीच करतात, एजन्सीची माणसं महिन्यातून ठरलेल्या रात्रीच येतात. लादीचं खरं आयुष्य मावशींच्या हातात आहे, हे ओळखून त्यांच्याशी आदरानं वागणारे कंत्राटदार मी दुसरे पाहिले नाहीत.

व्यवहाराचं थोडक्यात. दर चौरस फुटावर, वर १८ टक्के जीएसटी, आणि लहान गाळ्यासाठी किमान रक्कम ठरलेली, ती लहान दुकानदाराला जड जाते. आधीच्या मंडळींपेक्षा एकूण खर्च सव्वापट पडला. काम रात्री नऊनंतर होतं, घासाईच्या रात्री आवाज मोठा असतो, शेजारी राहती इमारत असेल तर आधी कळवून ठेवा. सुपरवायझर हजर नसेल तर मुलं घाई करतात. एकदा पॅसेजच्या कडांना पाणी राहिलेलं मला सकाळी दिसलं. म्हणून कंत्राटात लिहून घ्या: प्रत्येक भेटीला सुपरवायझर हजर, वापरलेल्या प्रत्येक द्रव्याचं नाव आणि सुरक्षा पत्रक सोसायटीकडे, नवं द्रव्य आधी कोपऱ्यात करून दाखवायचं. यातली एकही अट मान्य करायला त्यांनी खळखळ केली नाही.

एप्रिलमध्ये कंत्राट पुढे चालू केलं. लॉबीचं क्रिस्टलायझेशन वर्षातून दोनदा, जिन्याचा सीलर थेंबाची चाचणी पाहून, तळघर दिवाळीआधी एकदा. कार्पेट त्यातून वगळलं आहे, ते सीएसाहेब दुसऱ्यांकडून करून घेणार आहेत.